मुक्या टीव्हीचा वर्ग

हाउन्सलो, मंगळवार

प्रिय वीणा,

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी वाक्य सुरू करते आणि तू ते माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत पुरं करतेस. इतकी वर्षं मला त्याचं कौतुक वाटायचं. म्हणून आज कागद घेतला.

तुझ्या त्या नव्या कोर्सचा व्हिडिओ पाहिला. मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला होता आणि खाली फुलांची रांग लागली होती. मीही एक फूल टाकलं. आधी फूल टाकलं, मग व्हिडिओ पाहिला. काढून टाकावं म्हटलं, तर पुसल्याची खूण राहते, म्हणून ते तसंच आहे.

त्यात तू सांगतेस, लग्न होऊन लंडनला आलीस तेव्हा इंग्रजी बोलायची तुला भीती वाटायची. पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली तू. मग सांगतेस, घरात एक जुना टीव्ही होता, त्याचा आवाज गेलेला होता, आणि दुपारी कार्टून लागलं की शशिधर भाऊजी तुझ्याशेजारी बसून कोंबडीच्या आवाजात बोलायचे. वीणा, मी भाऊजींना तीस वर्षं ओळखते. चांगला माणूस आहे, पण तुमच्या पिनरमधल्या घरांच्या किमतींपलीकडे त्यांना मी कधी बोलताना ऐकलेलं नाही. कोंबडी तर दूरच.

तो टीव्ही आमचा होता, माधवचा आणि माझा. साउथॉलच्या एका बाईंनी घर सोडताना आम्हाला दिला होता. माधव विमानतळावर कार्गोत रात्रपाळी करायचा, दुपारी उठायचा. मी सांगलीची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. दुकानात ब्रेड मागायलाही मला घाम फुटायचा. तो म्हणाला, “आवाज नाही ते बरंच आहे. ते काय बोलतात हे कोणालाच माहीत नाही, मग तू चुकशील कशी?” तो कोंबडी व्हायचा, मी कुत्रा. पहिल्या दिवशी कुत्र्याला फक्त ‘येस’ येत होतं. वर्षभरात कुत्रा भांडायला लागला. त्याच धीरावर मी लायब्ररीत गेले, आधी मुलांची पुस्तकं आणली, मग मोठ्यांची. माझं जे काही शिक्षण आहे ते त्या सोफ्यावरचं.

न्यू मॉल्डनच्या वर्गात मी तेच केलं, आणखी काही नाही. हान बाईंच्या कोरियन दुकानात बारा वर्षं मी शेल्फं लावली. नोकरी सोडली तेव्हा त्या म्हणाल्या, शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या मुलांशी इंग्रजीत बोलत जा. दर दोन-तीन वर्षांनी नवी मुलं येतात, वडिलांची बदली झालेली. हुशार असतात, शब्द पाठ असतात, पण मोठ्यांसमोर चूक होईल म्हणून तोंड उघडत नाहीत. मी ॲनिमेशनची फिल्म लावते, आवाज बंद करते आणि विचारते, हा काय म्हणत असेल? मुलं बोलून झाली की मग आवाज लावायचा आणि तीच जागा पुन्हा बघायची.

सो-युन तुला आठवत असेल. सात वर्षांची, दोन महिने एक अक्षर बोलली नव्हती. अस्वलाची आई पिल्लाकडे पाठ करून बसते त्या जागी ती उभी राहिली आणि म्हणाली, “आय ॲम नॉट अँग्री. आय ॲम टायर्ड.” दारात तिची आई उभी होती, तिने चेहरा भिंतीकडे वळवला. त्या दिवशी तू मागच्या खुर्चीत बसली होतीस आणि वहीत लिहीत होतीस. मला वाटलं, तुझेही डोळे भरलेत म्हणून मान खाली घातलीस.

माधव गेल्यावर तू दर गुरुवारी यायचीस. डबा आणायचीस, मला जेवायला लावायचीस आणि म्हणायचीस, “बोल गं, मनात ठेवू नकोस, आपण तुझं पुस्तक करू.” फोन दोघींच्या मध्ये ठेवायचीस, रेकॉर्डिंगला. मी बोलले. पोटच्या मुलीला, स्वरालीलाही जे सांगितलं नव्हतं ते तुला सांगितलं. नंतर तुझा गुडघा दुखायला लागला आणि गुरुवार थांबले. मी मात्र गुडघ्यासाठी तेल करून ठेवलं होतं. पुस्तकाचं मी कधी विचारलं नाही. आता कळलं की त्याचा कोर्स झाला.

पद्धत घेतलीस याचा राग आला, नाही असं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण मुलं बोलायला लागत असतील तर लागू देत, इथपर्यंत मी स्वतःला आणलं. पुढे मला जाता येत नाही. माझ्या नवऱ्याला उचलून तू तुझ्या नवऱ्याच्या जागी बसवलंस, आणि ते करताना तुझा हात अडखळला नाही.

एक गोष्ट त्या गुरुवारांमध्ये मी तुला सांगितली नव्हती, सांगवली नव्हती. पक्षाघातानंतर माधवची वाचा गेली. सात आठवडे हॉस्पिटलमध्ये. वॉर्डातला टीव्ही बाकीच्यांना त्रास नको म्हणून आवाज बंद करून ठेवायचे. एका दुपारी मी त्याच्या उशाशी बसून टीव्हीतल्या माणसांचं बोलायला लागले. बातम्या देणारीला चपला चावत होत्या, मंत्र्याला घरी जायचं होतं. माधव हसला. घशातून आवाज आला, नर्स धावत आली. त्यानंतर रोज दुपारी मी बोलायचे, दोघांचंही. शेवटच्या दिवशीसुद्धा बोलत होते. तो ऐकायचा थांबला कधी, ते मला कळलं नाही.

आता पत्राचं कारण. चर्चच्या कमिटीने ठरवलं आहे की यापुढे मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे तुझ्या कोर्सचं सर्टिफिकेट हवं. नसेल तर वर्ग बंद. हान बाई ओशाळल्या होत्या, पण कोर्सच्या यादीत माझं नाव त्यांनीच घातलं, सहावं आहे. या शनिवारी तू शिकवायला उभी राहशील आणि मी वही घेऊन समोर बसेन. मला मुलांना सोडायचं नाही, म्हणून सर्टिफिकेट मी तुझ्या हातून घेईन, कोणाला काही कळू न देता. पण त्या हॉलमध्ये ती गोष्ट माधवच्या नावानेच सांगितली जाईल. तू सांगितलीस तर मी गप्प बसून ऐकेन. भाऊजींचं नाव घेतलंस, तर मी उठेन आणि शेवटापर्यंत सांगेन, वॉर्डापर्यंत. तेवढा भाग तुला भाऊजींच्या नावावर घालता येणार नाही. ते घरी चहाची वाट बघत असतील, आणि त्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो.

‘तुझीच’ लिहायला हात होत नाही, आणि दुसरं काही लिहायची सवय नाही,

सुहासिनी