वाहणारा पडदा

३ जानेवारी

त्याने नदी रंगवली! आमच्या सिनेमा कंपनीचा पडदेवाला — दृश्यांमागचे पडदे रंगवतो तो. सकाळीच मला ओढत घेऊन गेला. मालकांनाही अजून दाखवली नव्हती. "सांग, कशी झालीय?" पडदाभर नदी, वर चंद्र. सुंदरच. पण मी पडले फटकळ — "छान आहे, पण वाहत नाही." बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर फिल्मचे तुकडे जोडताना स्वतःलाच शिव्या घातल्या.

४ जानेवारी

कॅमेरेवाल्याच्या कानावर गेलंच. बोलतानाही एक डोळा मिटतो म्हणून सगळे त्याला काणाडोळा म्हणतात. त्याने परातीतल्या पाण्यात आरशाचे तुकडे टाकले, परात उन्हात ठेवली आणि हळूच हलवली. पडद्यावर लाटा उठल्या! भर दुपारी चांदणं! तो माझ्याकडे बघत होता, उघड्या डोळ्याने.

"नदी माझी आहे," पडदेवाला म्हणाला. "तू नुसतं पाणी ढवळलंस."

"मग वाहव ना माझ्याशिवाय!"

७ जानेवारी

चढाओढ चालूच. पडदेवाल्याने चंद्राजवळचं कापड खरवडून झिरझिरीत केलं, मागून उजेड झिरपावा म्हणून. काणाडोळ्याने भिंगावर मलमल ताणली — नटीच्या केसांच्या कडा धुक्यात विरघळल्या. मालकांचं उखळ पांढरं! हे सगळं कुणासाठी, ते कंपनीत सगळ्यांना ठाऊक.

आई म्हणाली, "दोन डगरींवर पाय ठेवू नकोस गं."

पाय? माझे पाय जमिनीला लागतायत कुठे!

९ जानेवारी

स्वप्नात नाव होती. वल्हं कुणाच्या हातात ते दिसलंच नाही.

१२ जानेवारी

पडदेवाल्याने विचारलं. सरळ — हातावरचा निळा रंग पुसत. "माझ्याशी लग्न करशील?" तासाभराने काणाडोळा हजर! "त्याने विचारलं ना? मग मीही विचारतो." दोघांना म्हटलं, आधी सिनेमा पुरा होऊ दे.

१८ जानेवारी

आज नदीचं दृश्य जोडलं. काणाडोळा कॅमेऱ्याचं हँडल फिरवणार, तर परात हलवणार कोण? पडदेवालाच! नटनटी निघून गेल्यावरही फिल्म थोडी चालू राहिलीय. पट्टी उजेडासमोर धरली — ओल्या बाह्यांचा पडदेवाला चौकटीत शिरतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो. असा हसतो! पोटातून, लहान मुलासारखा. तो तुकडा कापून टाकायचा होता. कापला, पण टाकला नाही.

ठरलं. असं हसणारं माणूस घरात हवं. पडदेवाल्याला हो म्हणणार.

२१ जानेवारी

पहिला खेळ. नदी वाहू लागली आणि लोक खुर्च्यांतून उठून उभे राहिले. अंधारात मी रडले. उद्या सांगते त्याला.

२२ जानेवारी

मी तोंड उघडायच्या आतच दोघं धावत आले. परगावच्या मोठ्या कंपनीने बोलावलंय — समुद्र करायचाय! आजच निघतायत. एक वाक्य हा सुरू करतो, तो संपवतो. मला काय विचारलं होतं ते दोघांच्याही ध्यानात नाही.

"तुला पत्र लिहू हं!" म्हणाले. दोघं मिळून, एकच.