बारशाआधीचं नाव

दादा, परवा भाचा बाप झाला. फोनवर म्हणाला, मामा, बाळाला आंघोळ घालायची भीती वाटते, काहीतरी सांगा. तुमच्याकडून घेतलेलं सगळं त्याला सांगितलं, एक सोडून.

भाईंदर पश्चिमेला तुमच्या दुकानात मी जळालेल्या मोटरींत तांब्याची तार भरायला शिकलो ते नुसतं बघून, याचा तोरा मला अजून आहे. बाप व्हायला मात्र तुम्ही हात धरून शिकवलंत. नव्वदीची सुरुवात होती. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच शांती नगरच्या खोलीवर. पोरीच्या हृदयात जन्मतःच दोष. घरी घेऊन जा, असं डॉक्टर म्हणाले, त्याचा अर्थ मला कळला होता. आमच्याकडे बोअरचं खारट पाणी, म्हणून तुम्ही तुमच्या गावच्या विहिरीचं गोडं पाणी कॅन भरून सायकलवर आणलंत. मी पाण्यात बोटं घातली तर वैतागलात. सोल्डरिंग करून आपली बोटं बथ्थड, त्यांना ऊन-गार काय कळणार, कोपर बुडवायचं. मी पोरीला उचललं तसे म्हणालात, "मान हाय ती, मोटरीचा शाफ्ट न्हाय. तळव्यावर घे." बायको हसली, त्या दिवसांत एकदाच. पाजून झालं की खांद्याशी उभं धरायचं, ढेकर येईपर्यंत खाली ठेवायचं नाही. दुपटी खाऱ्या पाण्यात धुवायची नाहीत, अंगाला चावतात. सगळं तंतोतंत केलं. पोरगी निळी पडतच गेली.

निघताना तुम्ही दारात थांबता, पोरीचं नाव विचारता. मी म्हणतो, आत्या गावाहून यायचीय, बारशाला ठेवेल. तुम्ही घातलेल्या चपला पुन्हा काढता. "बारसं लोकांचं. हाक बापाची. आज मार."

बायको मोरीत होती. मी पोरीच्या कानाशी वाकलो आणि नाव घेतलं. ती वळली नाही.

बारशासाठी सांगून ठेवलेला पाळणा आता नको, हे कळवायला तुम्हीच गेलात. पुढच्या वर्षी तुम्हीही गेलात. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. शिकलेलं सगळं तसंच पडून राहिलं.

भाच्याला मी म्हणालो, बारसं जोरात कर. बायकोला ते नाव ठाऊक नाही. निदान तुम्हाला लिहून कळवावं म्हणून आज बसलो होतो. हात वळला नाही, दादा.