डोंगर न चढता पलीकडं

ती. अर्जुनराव दाजी यांच्या पायांशी भोसरीहून शेखरचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि जयमालाताईचा खोकला आता बरा असेल असं धरून पुढचं लिहितो. नसेल तर बरं वाटल्यावर वाचा.

दत्तोबा परवा आपल्या इंद्रायणीसाठी मुलाचं स्थळ घेऊन माझ्या वर्कशॉपात आले, हे तुम्हाला कळलंच असेल. ते ऑइलच्या ट्रेमध्ये कसे बसले, ते माझ्याकडून ऐका. तुमच्या सांगण्यावरून मी भाचीला लग्नाचं पटवायला बसलो होतो, पण आधी तिच्या पीएचडीत नेमकं आहे काय, एवढं विचारलं (चूक तिथंच झाली). ती म्हणाली, अणूएवढा कण गोळीसारखा एका जागी नसतो, लाटेसारखा पसरलेला असतो, आणि त्या लाटेचं गणित मोठमोठ्या कॉम्प्युटरलाही झेपत नाही. म्हणून हे लोक हजारो साध्या गोळ्या जराजरा वेगळ्या जागेवरून सोडल्या असं धरतात, प्रत्येकीची वाट साध्या नियमानं काढतात आणि सगळ्यांवरून मिळून लाटेचा अंदाज बांधतात. म्हटलं, गोळ्याच ना? बेअरिंगच्या डबाभर पडल्यात! पत्रा ठोकून दोन दऱ्या केल्या, मधे डोंगर काढला आणि डबा उपडा केला. तेवढ्यात दत्तोबा आत आले (कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत). निम्म्या गोळ्या जमिनीवर, त्यांच्यावर दत्तोबा, आणि मग दत्तोबा ट्रेमध्ये.

पण दाजी, पत्र्यावर उरलेल्या गोळ्या! कुणी कुणाला न विचारता पसरल्या, काही डोंगरावरून मागं फिरल्या, काही पलीकडं उतरल्या, आणि सगळ्यांचा मिळून जवळपास तसाच आकार झाला, जसा तिच्या लॅपटॉपवरच्या लाटेचा होता. मशिनवरची माणसंसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली. अंगावरून ऑइल निथळत असलेले दत्तोबा म्हणाले, "पोरी, आणिक एकदा सोड की."

या वेळी तिनं हळू सोडल्या. एकही गोळी डोंगर चढली नाही.

"इथं आमची गोळी कमी पडते, काका," ती म्हणाली. "खरा कण कधीकधी डोंगर न चढताच पलीकडं सापडतो."

"म्हंजी बोगदा पाडून?"

"न्हाई," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली. "डोंगर हाय तसाच ऱ्हातो."

अंगावर काटा आला, दाजी. सगळं आयुष्य लोखंड कापत आलो; त्याच्या आत असलं काही चालतं, याचा पत्ताच नव्हता.

ता. क. : दत्तोबांनी स्थळ मागं घेतलं. रागानं नव्हे. "एवढी पोर माझ्या घरात मावायची न्हाई," म्हणाले.

दुसरा ता. क. : तिला पुढच्या कामासाठी जर्मनीहून बोलावणं आलंय. तुम्ही होकार द्यावा, एवढ्यासाठीच हे पत्र.

तिसरा ता. क. : तो होकार तुमच्या नावानं मी कालच तिला कळवला. ताईला मात्र तुम्हीच सांगा. माझी हिंमत होत नाही.