कन्हेरीच्या मुलीचा फॉर्म

आबा, आज कन्हेरीची एक मुलगी पुण्याच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या दिवशी हजर झाली. तुम्ही तिला ओळखत नाही. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी चौथीत होते आणि ती तीनेक वर्षांची असेल. सकाळपासून शाळेत ज्याला त्याला मी ही बातमी सांगितली, शिपायालाही दोनदा सांगितली. आता सांगायचे राहिलात तुम्ही.

तुमची लेक बी. ए. झाली आणि बारामतीच्या हायस्कुलात बाई झाली, हे आई तुमच्या फोटोला सांगते. पण ती एक गोष्ट सांगत नाही, कारण तिला ती माहीत नाही. मला सायन्सला जायचं होतं. पुण्याला कॉलेजच्या खिडकीशी मी गुणपत्रक सरकवलं. कारकुनानं ते पाहिलं आणि परत सरकवलं. म्हणाला, "बीजगणित-भूमिती नाही तुमची. मुलींचं सोपं अंकगणित घेतलंय. सायन्सला चालत नाही, पलीकडच्या खिडकीत जा." मी म्हटलं, मला हे कुणी सांगितलं नाही. तो म्हणाला, "तुम्ही विचारलं होतं?" काय विचारायचं ते ठाऊक असायलाही घरात कुणीतरी शिकलेलं लागतं, हे त्याला काय सांगू? मी पलीकडच्या खिडकीत गेले.

त्या रांगेत उभी असताना मला तुमचा एक दिवस आठवत होता. तुम्ही पाटकरी. पाण्याची पाळी कुणाची कधी, हे आदल्या दिवशी बांधाबांधानं फिरून सांगायचा तुमचा शिरस्ता. सरकारनं तेवढं मागितलेलं नव्हतं. एकदा तुम्ही तापानं पडला होता आणि एका शेतकऱ्याला द्यायचा निरोप माझ्याकडं दिलात. मी चिंचेखाली खेळत बसले आणि गेलेच नाही. पाणी त्या माणसाच्या शेतावरून पुढं निघून गेलं, त्याचा कांदा सुकला. तुम्ही मारलं नाहीत. अंगात ताप असताना मला हाताला धरून त्याच्या वाफ्यावर नेलंत आणि म्हणालात, "पानी व्हतं, वाफं व्हतं, मानूस बी घरातच व्हता. फकस्त सांगनारी न्हवती. आता तूच सांग, चूक कुनाची?" मला अजून त्या वाफ्यातली भेगाळलेली माती दिसते.

नोकरी लागल्यावर मी दर उन्हाळ्यात, निकाल लागला की शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसायला लागले. कन्हेरीहून, इंदापूरहून बाप आपापल्या मुलांना घेऊन येतात. टेकतात आणि विचारतात, "बाई, औंदा कंच्या लाईनीला भाव हाय?" एकाचा मुलगा ओव्हरशिअर झाला की साऱ्या गावाला ओव्हरशिअर हवा. मी म्हणते, सगळ्यांनी वांगी लावली तर बाजारात काय होतं? ते हसतात, "गुरांपुढं टाकाया लागत्यात." मग मी मुलाकडं वळते आणि त्याला काय येतं, काय आवडतं, ते विचारते. बहुतेकांना हे आधी कुणी विचारलेलं नसतं.

कन्हेरीच्या मुलीला नववीतच मी बीजगणित-भूमिती घ्यायला लावली होती. डॉक्टर व्हायचं तिनं तेव्हाच ठरवलं होतं. पण मॅट्रिक झाल्यावर तिला पुण्याला कॉलेजात घेऊन गेला चुलता. फॉर्म भरायचा कसा हे त्याला कळेना, म्हणून त्यानं शेजारच्या मुलाचा फॉर्म समोर ठेवून ओळीनं उतरवला. शाखा आर्ट्स. आवडता खेळ कुस्ती. गुरुवारी तिचं कार्ड आलं, "बाई, शाखा बदलायची मुदत शनिवारपर्यंत हाय. वडलांची सही लागती." मी तशीच कन्हेरीला गेले. वडील वांग्यात होते. म्हणाले, "चुलत्यानं काय वंगाळ केलं? आर्ट्स म्हंजी बीयेच की. तुमी बी बीयेच हायसा, तुमचं काय अडलंय?" आबा, तिथं पहिल्यांदा मी कुणाला खरं सांगितलं. "तात्या, मी आवडीनं बी. ए. झाले नाही. मला हवी होती ती वाट बंद झाली होती. हिची शनिवारपर्यंत उघडी आहे." ते बराच वेळ वांगी तोडत राहिले. मग पाटात हात धुऊन म्हणाले, "चला. पन कुस्तीचं गावात बोलू नगा, चुलता आदीच तापट हाय."

शुक्रवारी आम्ही दौंडला गाडी बदलून पुण्याला गेलो. शनिवारी सकाळी त्याच खिडकीशी उभे होतो. कारकून दुसरा होता. फॉर्म बघून त्यानं विचारलं, "ही कुस्ती खेळते?" तात्या म्हणाले, "घरी भावांसंगट खेळती. ते धरत असाल तर धरा." रांगेतली पोरं हसली, कारकूनही हसला. मुलगी हसली नाही. तिनं गुणपत्रक पुढं करून भूमितीच्या गुणांवर बोट ठेवलं. त्यानं 'आर्ट्स' खोडलं, वर 'सायन्स' लिहिलं आणि शिक्का मारला. तात्यांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून. दोन वर्षं ती मान मोडून अभ्यास करत राहिली. इंटरचा निकाल लागला आणि ती मेडिकलला गेली. बाकीचं तुम्हाला वर सांगितलंच.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. आईलाही वाचून दाखवणार नाही, कारण शेवटचं एवढं तिला ऐकवायचं नाही. त्या शनिवारी शिक्का बसला तेव्हा तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलगी माझ्या पाया पडली, आणि रांगेतल्या सगळ्यांना वाटलं की या बाईंना किती आनंद झालाय. झाला, आबा, खूप झाला, अजून होतोय. पण तो क्षणभर उशिरा आला. त्याआधी मला तिचा हेवा वाटला.