शेवटची ओळ

ता. ९ ऑक्टोबर

चि. घारूस,
अ. उ. आ.

तुझा जादा चष्मा आजच पाठवला. वैमानिकाला एक चष्मा नाकावर आणि एक खिशात लागतो, हे तू कळवल्यापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतोय. काचा मीच घासल्या, मीच बसवल्या. तुझ्या वैमानिकाच्या डोळे-तपासणीच्या दिवसापर्यंत डबी उघडू नकोस, बोटं उमटतात.

इथे सणाची धामधूम. तुझी आई ताटावर पहारा देते. आधी भाजी, काकडी, डाळ. गोड शेवटी, एकच तुकडा, आणि त्या बदल्यात भात कमी. घरी मी शहाण्यासारखा वागतो. आत्याकडे मात्र दुपारचं जेवण गाळून गेलो, गोडाला जागा म्हणून. साखर जरा चढली. आई म्हणते, डोळे दाखवून या. मी दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा राहिलो आणि शेवटची ओळ घडाघड वाचली. उगाच डोक्याला ताप!

जपून राहा, आम्हाला विसरू नकोस.
तुझे बाबा

ता. १७ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तपासणीत पास झाले. आधी ते सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही रागावणार.

दोन्ही चष्म्यांनी नीट दिसलंच पाहिजे असा नियम आहे. तुमची डबी मी तिथेच उघडली. चष्मा लावला आणि पुढचं सगळं धूसर. डॉक्टरबाईंनी काचा मोजल्या. नंबर बिनचूक, पण उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. नशीब फ्रेम गोल होती, काचा नव्याने घासाव्या लागल्या नाहीत. समोरच्या दुकानात अदलाबदल करून घेतली.

काचांच्या कडेला तुम्ही पेनाने बारीक ‘उ’ आणि ‘डा’ लिहिता ना, ते पुसायचंही राहिलं होतं. तुमचं अक्षर तुम्हालाच दिसलं नाही, बाबा. मला रडू आलं.

तो तक्ता तुम्ही वाचत नाही, पाठ म्हणता. मी त्याच्यावरच अक्षरं शिकले, डोळे मिटून मीही शेवटची ओळ म्हणेन. सोबत नवा तक्ता आहे. आईला टांगू दे, आधी डोकावायचं नाही. आणि जेवण गाळून गोड खाणं बंद. आत्याशी मी बोलले आहे.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची घारू

ता. २ नोव्हेंबर

चि. घारूस,
अ. उ. आ.

रागावलो होतो. दोन दिवस तक्ता गुंडाळीतच ठेवला. तिसऱ्या दिवशी आईने टांगला. चौथ्या ओळीपुढे मला एकही अक्षर लागेना. छपाई वाईट आहे, असं मी म्हणालो. त्यावर तुझ्या आईने माझ्या मागे उभं राहून तो खालपर्यंत वाचून दाखवला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर साखरेने रक्त उतरलंय. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले. लेझर एकदा झालं, अजून दोनदा आहे. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण उरलेलं टिकेल. काचांवरच्या खुणा आता तुझी आई लिहिते, चांगल्या ठळक. आत्याने परवा एकच तुकडा वाढला आणि वर चालायला पिटाळलं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोपर्यंत नवा तक्ता तुझ्या आईने कपाटात कुलूप लावून ठेवलाय. मी पाठ करीन म्हणून.

असाच धाक ठेव.
तुझे बाबा