या वर्षीचा निराशाजनक अल्बम

११ ऑक्टोबर, शनिवार
अल्बम छापून आला. खोकी तळघरात रचली. नाव 'गव्हाचं मौन'. नऊ गाणी, सगळी गंभीर. आर्लीनने विचारलं, ही खोकी इथेच राहणार का, तिला तिथे डीप फ्रीझर ठेवायचाय. म्हटलं, नाताळपर्यंत एक खोकं शिल्लक राहणार नाही. घरात इतिहास घडतोय आणि बायकोला फ्रीझर दिसतोय.

संकल्प एकच. एल्स्पेथच्या कार्यक्रमात पहिला नंबर. ती आमच्या मॅनिटोबा प्रांतातल्या ब्रँडनच्या रेडिओवर दर शनिवारी सकाळी असते. डिसेंबरात लोक तिला फोन करून सांगतात, कॅनडातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा यंदाचा आवडता अल्बम कुठला आणि निराशा करणारा कुठला. पहिला येईल त्याचा हिवाळी जत्रेत मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. एल्स्पेथ आणि मी शाळेच्या कॉयरमध्ये एका रांगेत उभे असायचो. वशिला लावणार नाही. गरजच नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग
टर्की कापताना अल्बम लावला. तिसऱ्या गाण्याला सासऱ्यांनी मान वर केली. मला वाटलं, भिडलं. म्हणाले, अरे वेंडेल, तुमची फर्नेस आवाज करतेय, थंडी वाढायच्या आत माणूस बोलावून घे. आर्लीनने पटकन रताळी पुढे सरकवली.

नंतर विचार केला. प्रेअरीच्या सपाट माळरानावरच्या घराचा आतला गुणगुणाट, हेच तर मला साधायचं होतं. म्हाताऱ्याला नकळत कळलं. पंपकिन पाय दोनदा घेतला.

२० ऑक्टोबर, सोमवार
एल्स्पेथकडे जाऊन आलो. अडचण आहे. किरकोळ.

रेडिओला ठरावीक वाटा कॅनडाची गाणी लावावी लागतात. गाणं कॅनडाचं कधी? संगीत, शब्द, गाणारा आणि रेकॉर्डिंग, या चारपैकी निदान दोन गोष्टी इथल्या हव्यात. माझं रेकॉर्डिंग झालं माझ्या साडूच्या, ड्वाइटच्या, गॅरेजमध्ये. तो राहतो सीमेपलीकडे, ग्रँड फोर्क्सला, पक्का अमेरिकन. चाली त्याच्या. शब्द माझे, पण त्याने गॅरेज गरम ठेवलं, रोज जेवू घातलं, म्हणून संकोचाने शब्दांवरही त्याचंच नाव टाकून बसलो. उरलो मी एकटा. चारपैकी एक.

म्हणजे मॅनिटोबाच्या गव्हावर, मॅनिटोबाच्या माणसाने गायलेली गाणी कायद्याने अमेरिकन! एल्स्पेथ म्हणाली, सॉरी रे, वाजवायला बंदी नाही, पण आमच्या वाट्यात धरली जात नाहीत, मग वेळ काढणं जरा अवघड जातं. मी म्हटलं, आणि डिसेंबरच्या मतांचं काय? ती म्हणाली, तिथे काही अडचण नाही, तू आमचाच की.

तू आमचाच की. हे तिचे शब्द. बाकी सगळं तांत्रिक.

२५ ऑक्टोबर, शनिवार
स्पर्धकांचा अभ्यास सुरू. मी दुकानात रंगांच्या काउंटरवर असतो, रंग ढवळायच्या मशीनपाशी दिवसभर ऐकता येतं.

टोरंटोचे 'द कोल्ड पॅटिओ': पहिले दोन अल्बम छान होते. आता पैसा आला, दुःख गेलं. निराशा. हॅलिफॅक्सचा रोवन किलब्राइड: प्रत्येक गाण्यात समुद्र. एकदा बोटीत बसवून सोडून द्यावा. निराशा. जोझेट ड्युशार्म, ही आपल्याच तळ्याकाठच्या मेटी, म्हणजे फ्रेंच आणि आदिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांच्या, वस्तीतली पोरगी: फिडल, तालाला चमचे, पायांचा ठेका. नुसता नाच, विचार शून्य. घोर निराशा. पण मत पक्कं करण्याआधी पुन्हा ऐकायला हवा.

३० ऑक्टोबर
जोझेट पुन्हा ऐकली. ट्रकमध्ये. घरी पोचल्यावरही गाणं संपेपर्यंत गाडीतच बसून होतो. मत कायम.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुकानातल्या केन्ड्राचं लग्न ठरलंय, तिचा सोशल होता. लग्नाच्या खर्चाला हातभार म्हणून सगळं गाव तिकीट काढून नाचायला येतं. स्पीकर माझे, गाणी लावायचं कामही माझं. अशी संधी दारात चालून आलेली. सुरुवातीची दोन-तीन नेहमीची गाणी झाल्यावर सरळ 'गव्हाचं मौन' सुरू केला.

लोक थबकले. नाचणारे नाचायचे थांबले, बोलणारे बोलायचे. मग सगळे एकमेकांकडे बघत ब्रेड आणि कापलेल्या मांसाच्या टेबलाकडे गेले. एखादी गोष्ट आत उतरली की माणसाला भूक लागते, हा माझा अनुभव आहे. केन्ड्रा येऊन म्हणाली, खूपच वेगळं आहे हं, वेंडेल. तिचे डोळे भरले होते.

मग तिच्या नवऱ्या मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला काउंटरवर एक बिअर घेऊन दिली. परत येतो तर कोणीतरी जोझेट ड्युशार्म लावलेली. फरशी हादरत होती. सासरेसुद्धा मैदानात. मीही नाचलो. जवळून निरीक्षण करायला दुसरा मार्ग नव्हता.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अल्बम वाटतोय. कर्लिंग क्लबात, जिथे आम्ही बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळतो, आमच्या टीमला दिला, दाताच्या डॉक्टरला दिला, बर्फ उपसणाऱ्या नगरपालिकेच्या ड्रायव्हरला खिडकीतून दिला. एकानेही नको म्हटलं नाही.

ऐकलात का, असं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर. ठेवलाय हं, असा घाईत नाही ऐकायचा, निवांत ऐकणार. काय आदर आहे! पण मला चैन पडत नाही. शहरात एवढा बर्फ पडलाय, माणसं घरात कोंडलेली, यांना आणखी किती निवांतपणा हवाय? ट्रक घेऊन उगाच गल्ल्यांतून फिरलो. खिडक्यांशी हळू केला. दोन घरांतून फिडल ऐकू आलं. गहू कुठूनच नाही.

घरी आलो तर आर्लीन पेरोग्यांच्या पारीत बटाटा भरताना काहीतरी गुणगुणत होती. मी आनंदाने दारातच उभा राहिलो. मग ओळखलं. जोझेट.

६ डिसेंबर, शनिवार
आज आंघोळ करताना सगळं स्वच्छ दिसलं. मी चुकीच्या नंबरामागे धावतोय.

दरवर्षी एल्स्पेथ विचारते, निराशा कोणी केली? आणि दरवर्षी प्रत्येक जण म्हणतो, सॉरी, तसं कोणाबद्दल म्हणवत नाही. आमच्याकडे माणूस आपल्या पायावर पाय देणाऱ्यालाही सॉरी म्हणतो, तो रेडिओवर कोणाला नावं कशी ठेवणार! उद्या तोच भेटणार आइस रिंकवर. त्यामुळे दुसऱ्या गटात कधी एकही मत पडत नाही. म्हणजेच तिथे एक मत पुरेसं आहे.

आणि निराशा होते कोणाकडून? ज्याच्याकडून मोठ्या अपेक्षा असतात त्याच्याकडून. शेजारच्या कुत्र्याने कोणाची निराशा केली आहे का? 'यंदाची निराशा: वेंडेल कोस्टियुक' असं एकदा जाहीर झालं की अख्खं शहर चिडून ठेवलेला अल्बम बाहेर काढेल, खरंच एवढा वाईट आहे का हे बघेल, आणि ऐकलं की संपलं. मग बाजी माझी.

फोन मी स्वतःच करणार. दुसऱ्याच्या भरवशावर अशी कामं होत नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार
गॅरेजात सराव. जवळच्या मिनेडोसा गावचा शेतकरी, वय साठ, आवाज घोगरा, दाढेखाली काहीतरी. उत्तम जमलंय. आर्लीनने दार उघडून विचारलं, कोणाशी भांडतोयस? म्हटलं, गाडीशी. ती म्हणाली, इंजिनच्या हीटरची वायर लाव मग, नाहीतर थंडीत उद्या स्टार्ट व्हायची नाही.

एक मुद्दा राहिला. नुसतं निराशा झाली म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. चार ठोस दोष सांगायला हवेत. माझ्या अल्बमात दोष शोधणं अवघड. शोधण्यासाठी आज तो ट्रकमध्ये बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार आहे. छापून आल्यापासून तेवढी सवडच झाली नव्हती.

१३ डिसेंबर, शनिवार
घडलं ते असं.

ट्रक रिंकच्या मागे लावला, फोनवर नंबर लपवला, एल्स्पेथला गाठलं. म्हटलं, मिनेडोसाहून बोलतोय, आवडता अल्बम जोझेट ड्युशार्म. हे ठरलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. एल्स्पेथ म्हणाली, वा, आणि निराशा? अर्थात तसं काही सांगायलाच हवं असं नाही. मी म्हटलं, सांगायचंय. वेंडेल कोस्टियुक, 'गव्हाचं मौन'.

मग एल्स्पेथ म्हणाली, अहो, तो आमचा वेंडेल हो. मी म्हटलं, असेल. गाणं संपतच नाही त्याचं. तिसरं गाणं म्हणजे गुदामाच्या मालाची यादी. गाणाऱ्याला दुःख झालेलं नाही, दुःखी दिसायचंय. आणि गव्हावर नऊ गाणी करणारा हा माणूस रंगाच्या दुकानात काम करतो, शेतात कधी उभा राहिलाय का? एवढंच बोलायचं ठरलं होतं. पण जीभ थांबेना. म्हटलं, एकही गाणं असं नाही की जे ऐकायला माणूस गाडीत बसून राहील. मग फोन ठेवला. ट्रकचा हीटर वाढवला. थंडी होती.

त्यानंतर फोनचा पाऊस. मी रेडिओ मोठा केला. आता लोक अल्बमबद्दल बोलणार!

दाताचे डॉक्टर म्हणाले, वेंडेल फार सज्जन माणूस आहे, मिनेडोसाकरांनी असं बोलणं शोभत नाही. बर्फ उपसणारा ड्रायव्हर म्हणाला, तो स्वतःच्या दारासोबत शेजारच्या म्हातारीचाही रस्ता मोकळा करतो, मी पाहिलंय. केन्ड्रा रडत होती. म्हणाली, आमच्या नव्या घरासाठी त्याने पिवळा रंग तीनदा बदलून दिला, कपाळाला आठी नाही. कर्लिंगच्या टीममधला आमचा कप्तान तर मिनेडोसाला गाडी घेऊन निघायच्या बेतात होता. शेवटी एल्स्पेथने एकेकाला विचारायला सुरुवात केली, बरं, त्याचा अल्बम तुम्हाला कसा वाटला?

ठेवलाय, म्हणाले. निवांत ऐकणार.

आवडता अल्बम जोझेटचा. एकमताने म्हटलं तरी चालेल.

१४ डिसेंबर, रविवार
क्लबात पाऊल टाकलं तर सगळे उठून उभे. तीन जणांनी कॉफी आणली. एक बाई म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस हं, जगात विषारी लोक असतातच. सासऱ्यांनी फोन करून सांगितलं, त्या माणसाचं तोंड मी फोडतो.

रात्रीचं जेवण वाढताना आर्लीन माझ्याकडे बघत म्हणाली, मिनेडोसाला तुझं कोणी आहे का? म्हटलं, नाही. ती म्हणाली, बरं.

आयुष्यात कोणी माझ्याशी इतकं प्रेमाने वागलं नव्हतं. आणि मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. संकल्प वगैरे काही सुचत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
दुपारी एल्स्पेथ दुकानात आली. रंग घ्यायला नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, तुझी माफी मागायची आहे, तुझा अल्बम मी ऐकलाच नव्हता. त्या फोननंतर लाजेने पहिल्यांदा लावला, पूर्ण ऐकला.

मी मशीन बंद केलं. म्हटलं, मग?

तिने काउंटरवरची रंगांची कार्डं सारखी करून ठेवली. मग म्हणाली, सॉरी, वेंडेल. खोटं बोलता येत नाही मला. त्या माणसाने सांगितलं ते सगळं बरोबर आहे. गुदामाच्या यादीचंसुद्धा. तो कोण आहे ठाऊक नाही, पण कान आहे त्याला. त्याचा पत्ता लागला तर दर शनिवारी नवीन अल्बमवर बोलायला बोलवीन म्हणते. तू चिडणार नाहीस ना?

म्हटलं, नाही. का चिडेन.

ती गेल्यावर कोणाचा तरी निळा रंग ढवळत ठेवला आणि विसरलो. या अख्ख्या शहरात 'गव्हाचं मौन' त्या फोनच्या आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा एकच माणूस निघाला, आणि त्याला तो आवडला नाही.