दादाची नोकरी आणि चिन्मयीताई

पुणे, रविवार

आई,

तुला आणि बाबांना जयभीम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

राजादादाला जाफराबादच्या डाळमिलमध्ये चार महिने झाले, वाचून आनंद झाला. पण तुझ्या पत्रात त्याला हे काम मिळवून देणाऱ्या संस्थेच्या चिन्मयीताईंचं नाव सात वेळा आलंय, मी मोजलं. स्किझोफ्रेनियाचं निदान झाल्यापासून सहा वर्षं त्याच्या गोळ्या मी सांभाळल्या, आणि नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे.

काल दादाला फोनवर विचारलं, "ताई मिलमध्ये तुझ्याजवळ बसतात का?"

"न्हाई. गेटवरूनच वापस जातात. पहिल्या मिलमध्ये तू संगं बसायचीस, माझ्या पिशव्या तूच शिवून टाकायचीस. मंग माझं काय चुकलं ते मालक तुलाच सांगायचा. ती नोकरी तुझीच होती, अक्षे."

तो हसत होता. ते काम नऊ दिवसांत सुटलं, ते आजारामुळे, असं मी सगळ्यांना सांगत आले.

त्याला झोप लागते ना? गोळ्या स्वतः घेतो का? की हेही विचारायचं नाही?

चिन्मयीताईंना एकदा जेवायला बोलाव. फक्त माझं नाव कोरलेलं ताट त्यांना देऊ नकोस.

तुझी,
अक्षता